रिठ्याच्या पाण्यातलं लॉक

आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो कॉम्प्युटरला एक चापट बसल्यावर. बटण दाबलं की तो घरघरायचा, थबकायचा, विचारात पडायचा. मग डाव्या अंगाला, तळापासून चार बोटं वर, तळहातानं एक चापट मारायची. जोरात मारली तर रुसून बसायचा, हळू मारली तर दाद द्यायचा नाही. ती नेमकी चापट घरात फक्त मला जमायची. त्याच्या आतल्या घड्याळाची बॅटरी केव्हाच मेलेली होती, त्यामुळं रोज सकाळी त्याला वाटायचं की आज एक जानेवारी आहे आणि साल मी झोळीत होते तेव्हाचं. म्हाताऱ्या माणसाला ‘आज गुरुवार आहे बरं का’ असं सांगावं, तशी मी त्याला रोज तारीख सांगायचे. तोवर आतून आईच्या फोडणीचा ठसका यायचा, बाहेर अडत बाजारात हमालांची पोती उतरवण्याची धपधप सुरू व्हायची, आणि पुढच्या खोलीत अण्णा ट्रेडलच्या चाकाला तेल घालत असायचे.

कळंबच्या आमच्या घराला तीनच खोल्या. पुढची छापखान्याची, मागची चुलीची, आणि मधली, जिला दार नव्हतं, नुसता पडदा होता, ती मशीनची. घरात मशीन म्हटलं की कॉम्प्युटर. ट्रेडल हे पायानं चालवायचं खरंखुरं लोखंडी छापायचं मशीन, पण त्याला सगळे ट्रेडलच म्हणायचे. पुढून शाईचा आणि रॉकेलचा वास यायचा, मागून येसराच्या, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याच्या, आमटीचा, आणि माझ्या खोलीत दोन्ही वास एकमेकांत मिसळायचे. आजही कुठं येसर भाजल्याचा वास आला की माझी बोटं आपोआप कीबोर्ड शोधायला लागतात. माझा मुलगा याला हसतो.

अण्णा मुळात जुळारी; गाव त्यांना मास्तर म्हणायचं. शिशाचे खिळे एकेक उचलून, उलटे वाचत, ओळ जुळवण्यात त्यांची उमर गेली. पुढं खिळे झिजले, नवे मिळेनात, तेव्हा त्यांनी नाइलाजानं एक वापरलेला कॉम्प्युटर घेतला, आणि त्याच्यासोबत मराठी अक्षरं जुळवायचं सॉफ्टवेअर. त्या सॉफ्टवेअरचा सगळा जीव एका लॉकमध्ये होता. लॉक म्हणजे काडेपेटीएवढी काळी डबी. कॉम्प्युटरच्या पाठीमागं, प्रिंटरची वायर जिथं जाते तिथं ती खोचायची. ती असेल तर सॉफ्टवेअर उघडणार, नसेल तर इंग्रजीत चार शब्द सुनावून बंद होणार. ज्या माणसानं हे सगळं बसवून दिलं, त्यानं वर्षभरात दुकान मोडलं आणि द्राक्षाची बाग लावली. सॉफ्टवेअर बनवणारेही कुठं गायब झाले कुणास ठाऊक. नवं लॉक मिळण्याची सोय नव्हती, आणि नव्या कॉम्प्युटरवर हे सॉफ्टवेअर चालत नव्हतं. म्हणजे जुनं मशीन, जुनी विंडोज, जुनं लॉक, असं तिघांचं एकत्र कुटुंब. एकानं मान टाकली की तिघंही गेले.

मी बारावीनंतर त्या खोलीत शिरले ती शिरलेच. टायपिंग मला येत होतं, बाकीचं मशीननं शिकवलं. कॉम्प्युटर शिकवणारा एक क्लास गावात बंद पडला होता, तिथले दोन मेलेले कॉम्प्युटर भंगारवाल्याच्या गाड्यावरून मी उतरवून घेतले आणि पलंगाखाली ठेवले. आमच्या मशीनचा एखादा अवयव गेला की पलंगाखालून काढायचा. मशीनचा डबा कधी बंद केलाच नाही. उघड्या पोटावर टेबलफॅन लावलेला असायचा. आई म्हणायची, ‘‘उन्हाळ्यात मला वारा न्हाय आन् ह्याला बगा.’’ लाईट गेली की मी हातातलं काम सोडून देवाचं नाव घ्यायची, कारण दर दोन ओळींनी सेव्ह करायची सवय लागेपर्यंत मी कितीतरी लग्नं दोनदा जुळवली होती.

आमचं मुख्य काम लग्नपत्रिकांचं. मी पत्रिका जुळवायची, बटर पेपरवर प्रिंट काढायची, आणि अण्णा त्यावरून जाळीच्या स्क्रीनवर छापायचे. आमच्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरीची नावं छोटी आणि बाकीच्यांची यादी मोठी असते. चुलते, मामे, आत्याचे मालक, भावकी, सरपंच, आजी-माजी चेअरमन. एखादा राहिला तर तो लग्नाला येत नाही, आणि आला तर जेवत नाही. जुन्या पत्रिकेची फाईल उघडायची आणि नावं बदलायची, ही आमची कामाची पद्धत. एकदा एका घरच्या पत्रिकेत आधीच्या घरचे एक काका चुकून तसेच राहिले. कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्यांचं नाव ते गृहस्थ मात्र फेटा बांधून लग्नाला हजर झाले, पहिल्या पंगतीला बसले, आहेरही केला. ‘‘पत्रिकेत नाव हाय म्हणून आलो,’’ असं त्यांनी सांगितलं. ती दोन घरं पुढं सोयरी झाली, पण चूक ती चूकच. अण्णा स्वतः लग्नघरी जाऊन म्हणाले, ‘‘चुकी आमची हाय.’’ कुणी विचारलंही नव्हतं. अण्णांचं हे असं होतं. बाजारात लोक म्हणायचे, वजनाचा काटा एकवेळ खोटा बोलेल, पण हा माणूस नाही. मला त्यांचा अभिमान वाटायचा, आणि कधी कधी रागही यायचा.

तर एका उन्हाळ्यात मामानं माझ्यासाठी स्थळ आणलं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. स्थळं जुळवणं हा त्याचा छंद. त्याला त्यात काही मिळायचं नाही, फक्त आनंद मिळायचा. येडशीचे पाहुणे, जमीन बऱ्यापैकी, मुलगा नोकरीला. काहीच वाईट नव्हतं. पण मला जायचं नव्हतं. लग्नाचा मला तिटकारा नव्हता, दिवसभर दुसऱ्यांची लग्नंच तर जुळवत होते. गोष्ट अशी होती की त्या पडद्याआडच्या खोलीत मी कुणाची मुलगी नव्हते, कुणाची होणारी सून नव्हते. लोक दारातून विचारायचे, ‘‘मंगलताई हायेत का?’’ वडिलांच्या वयाची माणसं माझ्यापुढं स्टुलावर बसून म्हणायची, ‘‘तुमी म्हणाल तसं करू.’’ हे मला दुसरीकडं कुठंच मिळणार नव्हतं, आणि मिळणार नाही हे मला त्या वयातही कळत होतं.

मी जेवताना अण्णांना सांगून टाकलं, ‘‘मशीन चालतंय तवर मला इथं राहू द्या.’’

अण्णांनी भाकरी कुस्करून आमटीत घातली, दोन घास खाल्ले, मग म्हणाले, ‘‘बरं. मशीन बंद पडलं की मग मात्र माझं ऐकायचं.’’

‘‘ऐकते.’’

‘‘शब्द?’’

‘‘शब्द.’’

मामा खूश झाला. एसटी स्टँडजवळच्या रिपेअरवाल्यानं त्याला सांगितलं होतं की हे मशीन दिवाळी बघत नाही. येडशीच्या पाहुण्यांना त्यानं निरोप धाडला, थोडं दमानं घ्या. मी मात्र त्या दिवसापासून मशीनची सेवा बाळंतिणीसारखी करायला लागले. सकाळ-संध्याकाळ धूळ पुसायची, दुपारच्या उन्हात विश्रांती द्यायची. पावसाळ्यात त्याच्या खोलीत ओला टॉवेलसुद्धा वाळत घालू द्यायची नाही. आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती येऊन गेले. मशीन चालू होतं. मामा आला की आधी पडद्याशी कान लावायचा आणि पंख्याची घरघर ऐकून हिरमुसला व्हायचा.

नवरात्र बसलं. आमच्या रस्त्यावरून तुळजापूरच्या ज्योती घेऊन पोरं पळत होती, आईचे नऊ दिवसांचे उपवास चालू होते, घटावर कडाकण्या, म्हणजे कडक तळलेल्या पुऱ्या, टांगलेल्या होत्या. खंडेनवमीला आमच्याकडं सगळी हत्यारं धुऊन पुजायची. हे काम अण्णा दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. रात्रभर भिजवलेल्या रिठ्याचं पाणी, घासायला चिंच, आणि नारळाच्या शेंडीचा कुंचा. विळी, कोयता, कात्री, कागद कापायचं पातं, खिळे जुळवायची लोखंडी स्टिक, एकेक वस्तू ते लहान लेकराला न्हाऊ घालावं तशी धुवायचे. मी त्या सकाळी आईसोबत पुरण वाटत होते. पूजा मांडली तेव्हा पाटावर सगळी हत्यारं ओळीनं होती, प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. मी नमस्कार केला, प्रसाद घेतला, आणि माझ्या लक्षात काहीही आलं नाही.

दुपारी घर सुस्तावलं. पुजलेल्या हत्याराला दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. पण मी मशीन रोज एकदा तरी चालू करून बघायची; नाही बघितलं तर जेवण गोड लागायचं नाही. चापट मारली, तारीख सांगितली, सॉफ्टवेअर उघडलं. इंग्रजीत चार शब्द आले आणि ते बंद झालं. मी मागं हात घातला. लॉक जागेवर होतं, पण बोटांना ओल लागली. बाहेर काढून बघितलं तर पिना अशा लख्ख, की नव्या कोऱ्या असतानाही नसतील, आणि दोन पिनांच्या मध्ये ओलं हळदकुंकू.

अण्णा ओट्यावर कागद मोजत बसले होते. मी लॉक तळहातावर धरून त्यांच्यापुढं उभी राहिले.

‘‘अण्णा, हे तुम्ही धुतलंत?’’

‘‘व्हय की. तूच म्हणतीस ना, सगळा जीव ह्याच्यात हाय. मग विळी-कोयता धुवायचा आन् ह्याला तसंच ठिवायचं? रिठ्यानं धुतलं, पिनांना चिंच लावली. लई काळ्या पडल्या होत्या. तू रोज चालू करून बगतीस म्हणून पूजा झाल्याझाल्या आपल्या हातानं परत बसवलं.’’ मग माझा चेहरा बघून ते थांबले. ‘‘काय झालं?’’

‘‘बंद पडलं.’’

हातातले कागद त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. मला रडू फुटलं ते रागानं की भीतीनं ते सांगता येत नाही, दोन्हीनं असेल. ‘तुम्हीच बंद पाडलंत, हे धरायचं नाही’ असं म्हणायचं जिभेवर आलं होतं, पण शब्द देताना आम्ही असं काही ठरवलं नव्हतं. मशीन बंद पडलं की ऐकायचं, एवढंच ठरलं होतं. आणि मी त्यांचीच मुलगी होते.

दुसऱ्या दिवशी दसरा. मामा येडशीच्या पाहुण्यांना घेऊन हजर झाला. ‘‘बोलणी न्हाईत, नुसतं सोनं द्यायला आलेत,’’ असं म्हणाला, पण आपट्याची पानं द्यायला कुणी मुलाला इस्त्री करून आणत नाही. मुलाचे वडील भारदस्त, बोलायला मोकळे. मुलगा जमिनीकडं बघत होता, बिचारा. आईनं खव्याचे गुलाबजाम केले होते. मी वाट्या घेऊन बाहेर आले, आणि नेमका तेव्हाच मामानं विषय काढला.

‘‘पोरीनं शब्द दिलाय बरं का पाहुणे. मशीन बंद पडलं की लगीन. आता ते किती दिस तग धरतंय?’’

पाहुणे हसले. ‘‘मग, मास्तर, कसं काय हाय मशीन? चालू हाय का?’’

आईचा स्वयंपाकघरातला आवाज थांबला. मला वाटलं, आता संपलं. अण्णा खरं तेच सांगणार, कारण त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. मी मनात त्या खोलीचा निरोपसुद्धा घेतला. पलंगाखालच्या दोन मेलेल्या कॉम्प्युटरांचं काय होणार, असा वेडा विचारही आला.

अण्णांनी वाटीतला गुलाबजाम चमच्यानं अर्धा कापला. ‘‘चालू हाय,’’ ते म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की पाहुण्यांना पुन्हा विचारावं लागलं.

‘‘काय म्हणलात?’’

‘‘चालू हाय.’’

‘‘मग दावा की. आमच्या पोराचं नाव काढून दावा त्याच्यावर.’’

अण्णांनी गुलाबजामाचा दुसरा अर्धा भाग खाल्ला, पाक चमच्यानं गोळा केला, तोंड पुसलं. ‘‘काल पुजलंय ना,’’ ते म्हणाले. ‘‘सीमोल्लंघन होईस्तवर हात लावायचा न्हाय.’’

‘‘हां, ते बरोबर,’’ पाहुणे लगेच म्हणाले. ‘‘आमचाबी ट्रॅक्टर कालपसनं उभाच हाय.’’ आणि बोलणं ट्रॅक्टरवर गेलं, तिथून सोयाबीनच्या काढणीवर, आणि तिथंच रमलं. आत आई पदर तोंडात धरून हसत होती. मला तिचे खांदे दिसत होते. संध्याकाळी जाताना पाहुणे म्हणाले, ‘‘मशीनचा लई दम हाय म्हणायचं. आमी मातर दिवाळीपतूर दुसरीकडं बघतो, मास्तर, राग मानू नका.’’ मामा इतका हिरमुसला की आपट्याचं पान कुणाला द्यायचं तेही विसरला.

सगळे गेल्यावर अण्णा पडद्याच्या आत आले. ते या खोलीत फारसे यायचे नाहीत. कॉम्प्युटरशी त्यांचं सवतीसारखं होतं, त्यानं त्यांचे खिळे खाल्ले होते. स्टुलावर बसले आणि मशीनच्या काळ्या पडद्याकडं बघत राहिले.

‘‘अण्णा,’’ मी म्हणाले, ‘‘तुम्ही खोटं बोललात.’’

‘‘व्हय.’’

‘‘माझ्यासाठी?’’

‘‘मग काय ट्रॅक्टरसाठी?’’ मग ते म्हणाले, ‘‘तुला ह्या खोलीत काम करताना म्या रोज बघतो, मंगल. पडद्याच्या फटीतून. खिळे जुळवताना मला जसं व्हायचं तसं तुला व्हतंय. ते म्याच धुऊन टाकलं, आन् वर तुलाच शब्दात धरू?’’ मशीनकडं बोट करून ते म्हणाले, ‘‘पर आता हे चालू झालंच पायजे. न्हायतर ह्या वयात खोटारडा म्हणून मरायचो म्या.’’

त्याआधी मला माझे वडील इतके कधीच आवडले नव्हते. पण प्रेमानं लॉक वाळत नाही. मी छोट्या पेचकसानं डबीचे दोन स्क्रू काढले. आत रिठ्याच्या पाण्याचे दोन थेंब अजून होते. मेडिकलमधून स्पिरिट आणलं, जुन्या ब्रशनं हळदकुंकू, चिंच, सगळं भक्तिभावानं पुसून काढलं. मग सकाळी माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, आईनं वाळत घातलेल्या शेंगांच्या शेजारी, रुमालावर लॉक उन्हात ठेवलं. आश्विनातलं ऊन असं की शेंगदाणा हातात चटका द्यायचा. ऊन उतरलं की ते सुती कापडात बांधून ज्वारीच्या कणगीत पुरायचं. आता लोक मोबाईल भिजला की तांदळात ठेवतात म्हणे. आमच्याकडं तांदूळ सणासुदीपुरता, त्यामुळं आमचं लॉक ज्वारीत. कावळा उचलून नेऊ नये म्हणून दिवसभर अण्णाच माळवदावर बसून राहायचे, डोक्यावर उपरणं, हातात काठी. खाली ट्रेडल बंद. गिऱ्हाईक आलं की आई सांगायची, ‘‘वर हायेत, शेंगा राखायलेत.’’ ते बघून शेजारीण म्हणाली, एवढ्या शेंगांना एवढा राखणदार.

तिसऱ्या दिवशी मी लॉक कणगीतून काढलं, फुंकर मारली, मागं खोचलं. अण्णा पुढच्या खोलीत शाई कालवत असल्याचं सोंग करत होते. त्या दिवशी छापायला काहीच नव्हतं. बटण दाबलं. घरघर. चापट. तारीख. मग ते सॉफ्टवेअरचं चित्र, जे मी हजारदा बघितलं असेल, हळूहळू वरून खाली उतरायला लागलं, आणि मराठी अक्षरांची पट्टी समोर आली. काय लिहावं सुचेना. मी अण्णांचं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि हाक मारली.

ते आले. हात शाईनं काळे. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी मशीनच्या पडद्यावरचं स्वतःचं नाव वाचलं. आयुष्यभर उलटी अक्षरं वाचणारा माणूस, त्यांनी ते एकेक अक्षर करून, नीट तपासून वाचलं.

‘‘चालू झालं?’’

‘‘झालं.’’

‘‘मग म्या खोटं बोललो न्हाय,’’ अण्णा म्हणाले. ‘‘जरा अगोदर बोललो.’’

मी हसायला लागले आणि हसता हसताच रडायला लागले. अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, तो शाईनं माखलेला बघून मागं घेतला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, तसाच ठेवला. पडद्याबाहेर जाता जाता वळून म्हणाले, ‘‘आता कुणी इचारायला आलं तर मला बोलव. ह्या बारीला मोठ्यानं सांगतो.’’